नायट्रोजनचा शेवटचा ग्लास

तेरावं झालं आणि माझ्या नवऱ्याच्या बियरचं काय करायचं, हे त्याच्या धाकट्या भावानं ठरवून टाकलं. मला विचारलं नाही.

देवपुरातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरामागे एक जुना फ्रिज आहे. त्यात काळ्या बियरचं स्टीलचं पिंप, दाराला नळ. नवऱ्यानं हौसेनं जुळवलेलं. कोणता गॅस लावायचा यावरून दोघा भावांचं नेहमी वाजायचं. दीर म्हणायचे, कार्बन डायऑक्साइडच. नाकात झिणझिण्या आल्या नाहीत तर ती बियर कसली, ताक शे ते. नवरा शांतपणे सांगायचा, तो गॅस बियरमध्ये विरघळतो म्हणून जिभेला टोचतो. नायट्रोजन फारसा विरघळत नाही, नुसती फेसाची साय धरतो. काळ्या बियरला सायच हवी.

शनिवारी संध्याकाळी त्यातला अर्धा ग्लास माझा असे. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

तो गेला तेव्हा पिंप अर्धं भरलेलं होतं आणि नायट्रोजनचं सिलेंडर संपलेलं. दिरांचा पाचोऱ्याला केळी पिकवण्याचा धंदा. तिथलंच एक सिलेंडर ते गाडीत घालून घेऊन आले.

"हाऊ बी नायट्रोजनच शे, वहिनी. दादाचे मित्र येतील सांजले, संपाडी टाकू. घरात कशाले ठेवता? तुम्ही थोड्याच पिणार?"

हसत म्हणाले. हातात पाना होता.

मी सिलेंडरवरची चिठ्ठी वाचली. नायट्रोजन होता, पण इथिलीन मिसळलेला. केळी पिकतात ती त्या इथिलीननं.

"हे केळ्यांचं आहे, भाऊ. पिण्याच्या वस्तूला लावायचं नाही."

"थोडंसं तर शे त्यात. आम्ही बठ्ठा जिल्हा तीच केळी खातो ना?" मग जरा थांबून, "बरं, सोडावाल्याकडून कार्बन डायऑक्साइड आणतो. दादाले आता काय फरक पडस?"

इतकी वर्षं या घरात मी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. पाना त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "मला पडतो. मित्रांना येऊ नका म्हणून कळवा."

पिंपात जुना दाब थोडा उरला असेल, या आशेवर मी नळ ओढला. धार बारीक आली. ग्लासात फेस वर न चढता कडेकडेनं खाली उतरत गेला, मग वर साय धरली. अर्धा ग्लास भरला आणि नळ नुसता फुसफुसला.

दीर बघत उभे होते. "वहिनी, तुम्ही..."

त्यांच्यासमोर उभ्यानं प्यायले. त्यांना विचारलं नाही. मग त्यांचं सिलेंडर उचलून गाडीत ठेवायला सांगितलं आणि ते ठेवेपर्यंत दारात उभी राहिले.