अमावास्येनंतर जड होणारं स्टेअरिंग

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी आम्ही विजेवर हलकं होणाऱ्या स्टेअरिंगची छोटी गाडी घेतली. एका बोटानं वळायची. मी बारामतीहून इंदापूरच्या शाळेत गणित शिकवायला जायचे. एसटीत उभं राहून पाय सुजायचे, म्हणून गाडी माझ्यासाठी असं ठरलं. ठरलेलं फार टिकलं नाही. एकदा सणसरजवळ उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना स्टेअरिंग एकदम दगड झालं आणि समोर पिवळा दिवा लागला. बाजूला दोन ट्रेलर, समोरून जीप. अंग टाकून चाक ओढलं म्हणून वाचले.

वर्कशॉपमध्ये नेईपर्यंत गाडी ठणठणीत. "कसलं जड, मॅडम? ताक घुसळल्यावानी फिरतंय की," मिस्त्री म्हणाला. दुसऱ्यांदा झालं तेव्हा त्यानं तारा जोडून त्या पिवळ्या दिव्याची उघडझाप मोजली आणि त्या आकड्यावरून निदान केलं: चाकावर हाताचा जोर किती पडतो ते मोजणारा सेन्सर बिघडलाय. पुण्याहून नवा आणून बसवला. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच.

"आता सेन्सर तर नवा हाय. म्हंजे चालवणाराच..." मिस्त्रीनं पुढचं गिळलं. ते नवऱ्यानं घरी येऊन पूर्ण केलं. "तू स्टेअरिंगला लोंबकळतेस. एसटीच बरी तुला. गाडी धाकट्याला देऊ."

धाकटा, म्हणजे माझा दीर, दुसऱ्याच दिवशी हजर. "वैनी, तुमचे हात भाकरीचे. तेवढी अमावस्या झाली की गाडी नेतो."

"भाकरीला हलका हात लागतो, भावजी. एकदा थापून बघा," मी म्हटलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

अमावास्या म्हणताच डोक्यात काहीतरी हललं. गाडी दर वेळी अमावास्येनंतर एक-दोन दिवसांतच बिघडली होती. हे मी घरात बोलले नाही. सासूबाईंनी गाडीला दृष्ट लागल्याचं आधीच जाहीर करून अमावास्येच्या पूजेत एका नारळाचे दोन केले होते. पूर्वी घरी त्या दिवशी बैल जुंपत नसत, म्हणून गाडीलाही सुट्टी. मी एसटीनं शाळेत जायचे, मागं गाडीची पूजा व्हायची. ती मी कधी पाहिलीच नव्हती.

या वेळी रजा टाकली आणि ओट्यावर बसले. बॉनेटला हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, दगडावर नारळ. इथवर ठीक. मग सासूबाईंनी दार उघडलं आणि नारळातलं पाणी हळदीसकट स्टेअरिंगवर ओतलं. पाणी खालच्या फटीत गेलं.

"आई! हे काय?"

"जू हाय ते गाडीचं. जुवाला पाणी न्हाय दावायचं, तर कुणाला?"

"दर वेळी ओतता?"

"मंग? मदी पिडा वाढली तवा दोन नारळांचं घातलं."

मी मिस्त्रीला बोलावून घेतलं. त्यानं स्टेअरिंगखालचं झाकण काढलं. सेन्सरच्या तारा जिथं जोडल्या होत्या तिथं पिवळा चिकटा आणि त्यात मुंग्यांची रांग.

"सेन्सर बदलताना हे दिसलं नाही?"

"हळद दिसली व्हती. म्हटलं, पूजेची आसंल."

पूजेचीच होती.

त्यानं सगळं धुऊन, वाळवून दिलं. दुसऱ्या दिवशी मी इंदापूरला जाऊन आले. नवऱ्याला शेजारी बसवून एका बोटानं गाडी वळवून दाखवली. तो खिडकीबाहेर ऊस बघत राहिला.

सासूबाईंना पूजा थांबवा म्हणणं शक्य नव्हतं. पुढं गाडीला काहीही झालं असतं तरी माझ्याच नावावर आलं असतं. पुढच्या अमावास्येला मी स्टेअरिंगखाली प्लास्टिकचा कागद बांधला आणि परात धरून आत बसले. त्यांनी मनसोक्त पाणी घातलं. "बघ, माज्या नारळानंच गाडी सुदारली," त्या म्हणाल्या. मी भरलेली परात सांभाळत गाडीतून उतरले.

तेवढ्यात दीर किल्लीची चौकशी करत दारात आला. मी परात त्याच्यापुढं केली.

"तीर्थ घ्या, भावजी. गाडी नीट झाली."