सोडणाऱ्याचा रकाना

काजबाईंनी पस्तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात शर्टांची काजं केली. बटण तुटेल पण काज उसवायचं नाही, असा त्यांचा लौकिक. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा शिंपीदादांनी हात जोडले आणि बाई मुलाच्या दोन खोल्यांत कायमच्या घरी बसल्या.

"आई, घराला रंग द्यायचाय. चार दिवस मावशीकडे राहा," म्हणत मुलानं एके दिवशी त्यांना ट्रंकेसकट बहिणीच्या दारात सोडलं. तो गाडीतून उतरलासुद्धा नाही. रंगाचा वास दोन वर्षं गेला नाही.

बहीण स्वतःच जावयाच्या घरी राहणारी. ती तरी किती दिवस पोसणार? म्हणून बाई सरकारी मदतीचा अर्ज करायला गेल्या. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या निवृत्त मास्तरांनी फॉर्म भरला आणि एका इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं.

"डेस्टिट्यूट. इथं सही करा."

"म्हणजे काय हो?"

"निराधार."

"माझा आधार काय आपोआप गळून पडला?"

मास्तरांची शिकवायची खोड गेली नव्हती. "शब्द मूळचा लॅटिन, बाई. खाली ठेवून निघून जायचं, टाकून द्यायचं, असा अर्थ. गरीब, कंगाल हे मागाहून आलं."

बाई ताठ बसल्या. "म्हणजे टाकणारा कुणीतरी असतो. त्याच्या नावाचा रकाना कुठाय?"

"तसा रकाना नसतो."

"मग कडेला लिहा."

मास्तरांनी कडेला मुलाचा नाव-पत्ता लिहिला. अर्ज आठवड्यात परत आला. वर शेरा: मुलगा कमावता आहे, आईला सांभाळत नाही असं त्यानं समक्ष लिहून द्यावं.

"लिहून द्यायला त्याचा हात धजायचा नाही," बाई बहिणीला म्हणाल्या. "लाजेकाजेनं तरी घेऊन जाईल बघ." ठरल्या दिवशी त्या कपड्यांची पिशवी भरूनच कचेरीत गेल्या.

मुलगा वेळेवर आला. कारकुनानं लिहून ठेवलेला कागद त्यानं वाचलाही नाही. "कुठं करू?" विचारलं, कारकुनानं दाखवलं तिथं सही केली. मग पिशवीकडे बघून म्हणाला, "कुठं गावाला निघालीस का?"

"नाही रे."

"बरं. झालं ना तुझं काम?" आणि तो गेला.

मदत तीन महिन्यांनी सुरू झाली. बहिणीनं त्या दिवसाबद्दल खोदून विचारलं, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे त्याचं. मीच गिरवून घेतलं होतं."