थंड खोलीतल्या कळ्या

आमच्या वसईच्या कारखान्यात हिशेबाचा जुना कॉम्प्युटर एसीच्या खोलीत असतो. झाडलोट करायला गेले की मी मोगऱ्याच्या कळ्या त्याच्यामागे ठेवते. संध्याकाळी गजरे विकेपर्यंत त्या उमलत नाहीत.

एकदा सगळा हिशेब क्लाउडवर न्यायला एक माणूस आला. साहेब म्हणाले, "म्हणजे आता ही खोली बंद." मी झाडू घेऊन कॉम्प्युटरपुढे सरकले.

त्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवला आणि वास घेत घेत तो थेट कॉम्प्युटरच्या मागे गेला. कळ्या बघून हळूच म्हणाला, "ताई, मोगरा कधीपर्यंत असतो?"

"पावसापर्यंत," मी पुटपुटले.

तो साहेबांकडे वळला. "नव्याचा भरवसा बसेपर्यंत जुनं बंद करायचं नसतं, साहेब. एसी राहू दे चालू. पाऊस लागला की बघू."