बरे झालेले किती?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीला, सोनगीरच्या अक्काला, कावीळ झाली ती उतरेना. अंगाला खाज इतकी, की नखं लागू नयेत म्हणून ती हातांना फडकं बांधून बसायची.

आधी भडगावला एका कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलो. त्याने अक्काच्या तळव्यांना कसलासा पाला चोळला, हात चुन्याच्या निवळीत धुतले. पाणी पिवळं झालं. "उतरली," तो म्हणाला. मला संशय आला. मी माझे हात पुढे केले. पाला चोळून धुतल्यावर माझंही पाणी पिवळं!

अक्का हसली. "तुले बी कावीळ शे का रे भाऊ?"

मी त्याला विचारलं, "आजवर बरे झालेले किती?"

"शेकडो."

"आणि न झालेले?"

"ते कुठं सांगायला येतात?"

वर्षभराने मुंबईच्या एका डॉक्टरांनी निदान केलं. यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या आवळत चालल्या होत्या आणि यकृत खराब होत होतं. औषधाने खाज कमी झाली असती, आजार थांबला नसता. यकृत बदलणं हाच उपाय, आणि तो तेव्हा परदेशातच होता. तिथल्या रुग्णालयासाठी डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं. मग एक छापील तक्ता समोर ठेवला: वर्षानंतर किती जिवंत, पाच वर्षांनंतर किती. आकडे चांगले होते, म्हणूनच मला जास्त संशय आला.

"हे शस्त्रक्रिया झालेल्यांचे ना? यकृताची वाट पाहताना गेलेले यात धरलेत का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही."

"नव्या यकृतात हा आजार परत येतो?"

"काहींना येतो. पण थांबलात आणि आणखी अशक्त होऊन तिथे गेलात, तर हे आकडेही तुमच्या कामाचे राहणार नाहीत."

अक्का उठली. "हाऊ डॉक्टर खरं सांगस," ती मला म्हणाली. "चाल घर."

मी तो नकार समजलो. खरं सांगायचं तर भडगावसारखाच आणखी एक डाव पकडल्याचं मला समाधान होतं. पिंप्राळ्याला घरी आल्यावर बायकोलाही मी तेच ऐकवलं.

अक्का तीन वर्षांनी गेली. तिच्या पेटीत ते पत्र निघालं, सोबत धुळ्याच्या एका स्टुडिओचं पाकीट. आत पासपोर्टसाठीचे सहा फोटो होते. डोक्यावरून पदर, नजर सरळ. एकही वापरलेला नव्हता. पाकिटावर तारीख होती. मी दिवस मोजले. मुंबईहून परतल्यानंतरचा अकरावा.

त्या महिन्यात ती दोनदा पिंप्राळ्याला येऊन गेली होती. दोन्ही वेळा मी तिला त्या तक्त्यातली खोट पुन्हा समजावून सांगितली होती.