दादांच्या कानातलं नाटक

दुष्काळात आमच्या गावच्या दूध संस्थेची शेड रिकामी पडली. जनावरं चारा छावणीत, मग दूध कुठलं यायला? तिथंच मी माझं पहिलं नाटक लावलं. लिहिलेलं मी आणि साउंडवरही मीच. बायकांनी एकच अट घातली, टँकर आला की लगेच कळलं पाहिजे. विहिरीजवळ रांगेत घागरी लावून त्या नाटकाला येणार होत्या.

घागरींच्या राखणीला दादा, म्हणजे माझे वडील, आपणहून तयार झाले. "नाटकं बगायला मला येळ न्हाई," म्हणाले. पोरीनं नाटकात पडावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. मला तर त्यांनीच ते ऐकायला हवं होतं, बाकी गाव गेलं उडत!

बीडच्या साउंडवाल्याने मिक्सरसोबत इंटरकॉमही दिला होता. एक डबा, दोन हेडसेट आणि लांबलचक वायर. एक हेडसेट दादांना, एक मला. टँकर दिसला की त्यांनी खटका दाबून मला सांगायचं आणि मी माइकवरून बायकांना. एवढ्यावर थांबेन तर मी कसली? नाटकाचा आवाजही दादांच्या कानात सोडायचा, असं मी ठरवलं. घाईघाईत मिक्सरची वायर हेडसेटच्याच लाइनला जोडली आणि झाली घरघर सुरू.

"कानात गिरणी चालू केली का गं?" दादा विहिरीवरून ओरडले.

मग डब्याला बाहेरचा आवाज घ्यायची वेगळी जागा सापडली. तिथं वायर लावली, मिक्सरवर आवाज अगदी बारीक ठेवला आणि स्टेजच्या माइकपुढे टाळी वाजवली.

"आता टाळ्या कोण वाजवायलंय?"

मी उडीच मारली! धावत जाऊन त्यांना आवाजाचं बटण दाखवलं. "नको असेल तर बंद करा." ते घागरी मोजायला लागले.

नाटक रंगलं. बायका पोट धरून हसत होत्या आणि माझा सगळा जीव विहिरीवर. बंद केलं असेल का दादांनी? शेवटचा प्रवेश ऐन भरात आला आणि माझा हेडसेट खरखरला. "टँकर आ..." एवढं म्हणून दादा थांबले. खटका मात्र दाबलेलाच होता. मागून ड्रायव्हर विचारत होता, "काका, पाइप सोडू का?"

मी माइक उचलला.

"थांब बे जरा," दादा त्याला म्हणाले. "इंजिन बंद कर. माझ्या पोरीनं लिवलंय, ऐकू दे."

मी माइक खाली ठेवला. टँकर आल्याचं बायकांना सांगितलं ते पडदा पडल्यावर, आणि तेही रडत रडत.