उंदरांचं सांगायचं राहिलं

हळदीकुंकवाला आईनं मला उगाच पुढे केलं. नवघरच्या आमच्या सोसायटीतल्या बायका जमलेल्या, वाण वाटायचं बाकी, आणि ही म्हणते, "सांग ना, लॅबमध्ये काय करतेस ते." मलाही चेव चढला. म्हटलं, सोन्याचे कण बनवते, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांच्यावर केमोचं औषध चढवायचं. कण कॅन्सरच्या गाठीत जाऊन औषध सोडतात, आणि वरून ठरावीक प्रकाश टाकला की तापून तिला चटकाही देतात. एकात दोन कामं! वर मोबाइलवर कुपीचा फोटो दाखवला. कण नीट जमले की पाणी लालचुटुक दिसतं.

आई फोटोकडे बघतच राहिली. तिच्या स्तनातल्या गाठीसाठी दोन केमो झाल्या होत्या, आणि ते औषधही लालच. त्यानं केस गेले, आठवडा आठवडा वरणभातसुद्धा पोटात ठरेना. "सोनं काय, बाळालासुद्धा चाटवतात," एवढंच ती म्हणाली. माझ्या मेलीच्या लक्षात यायला नको?

तिसऱ्या केमोला शेजारच्या काकू सोबत येतायत, असं सांगून तिनं मला लॅबला पाठवलं. दुपारी काशीमीऱ्याच्या हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन. बाई उत्तनची, बोलायला सरळ. "तुझी आई आली न्हाय गं. फोन केला तर म्हणते, मुलीचं सोन्याचं औषध येतंय, तोवर थांबते. कसलं औषध हाय?"

उद्या आणली तर चालेल ना, हे मी तिला तीनदा विचारलं. "चालेल, पण आणखी लांबवू नको," ती म्हणाली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात फक्त ती गाठ वाढत होती.

आई मजेत मेथी निवडत बसलेली. माझा तोल गेला. "वेड लागलंय का तुला? मरायचंय का?" बोलले आणि जीभ चावली.

"ओरडतेस काय? तूच म्हणालीस ना?"

म्हणालेच होते. फक्त हे औषध अजून उंदरांच्या पुढे गेलेलं नाही, त्यातलेही कितीतरी मरतात, हे गाळलं होतं. चारचौघींत उंदीर कुठे काढायचे, असं वाटलं मला. आता सगळं सांगितलं. आई निवडतच राहिली, पण देठंही पानांत टाकायला लागली.

"माणसांसाठी कधी?"

"माहीत नाही गं. खूप वर्षं. कदाचित नाहीच."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन रिक्षानं निघाले. मधेच उतरते म्हणाली तर काय करू, या धास्तीनं मी तिचा पदर धरून बसले होते. वॉर्डात मात्र तिनं आपणहून हात पुढे केला.

"द्या सिस्टर तुमचं लालवालं. हिचं अजून उंदरांनाही पुरं पडत नाहीये."

सिस्टर हसली. मला हसू येईना. सुई टोचताना आईनं माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "मला वाटलं, माझ्यासाठीच करतेयस."