अंगठीच्या दोन टकटकी

मुलांनो, तुम्ही पाठवलेल्या यंत्रातून माझ्या खोलीतल्या ऑर्किडना कार्बन डायऑक्साइड मिळतो. पण तो गॅस आणून देतो बुधवारा बाजारातला सोडावाला; सोड्यातही तोच गॅस भरतात. सिलिंडर खांद्यावरून उतरवला की तो बोटातल्या अंगठीने त्यावर दोनदा ठोकतो आणि कान लावून ऐकतो. आत किती उरलंय ते त्याला आवाजावरून कळतं म्हणे. बोलतो अगदी कमी.

मी मात्र यंत्राची इंग्रजी पुस्तिका वाचलेली. गॅस वाया जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून, पानं पट्टीने मोजत मी दुपारभर आतच बसायची. डोकं दुखायचं, त्याचा दोष मी नव्या चष्म्याला दिला.

मागच्या आठवड्यात तो आला, तेव्हा मी खुर्चीत पेंगत होते. त्याने सिलिंडर दारातच ठेवला, यंत्र बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मला हाताला धरून व्हरांड्यात आणून बसवलं.

"आजी, गॅस झाडाले पाहिजे. तुम्ही काय झाड आहे?"

"पुस्तिकेत सगळं दिलंय," मी म्हणाले.

"मंग हे बी लिहिलं असंल."

लिहिलं होतं, पहिल्याच पानावर, लाल अक्षरांत: यंत्र चालू असताना बंद खोलीत बसू नये. ते पान अडाण्यांसाठी असतं असं समजून मी उलटलं होतं.

आता रोज दुकानात जाताना तो माझ्या खिडकीवर अंगठीने दोनदा ठोकतो आणि कान लावून ऐकतो. मी ओ दिल्याशिवाय तो पुढे जात नाही.